नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटात कॅम्पर व्हॅन: मुक्कामाची देखणी जागा कशी निवडायची

प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलच्या मध्यावर लास वेगसला कॅम्पर व्हॅन (आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी) भाड्याने ताब्यात घ्यायची, १२ रात्री युटा-ॲरिझोना फिरून परत तिथेच सोडायची. माणसं दोन. रोजचा मुक्काम देखण्या जागी हवा. मग कॅम्पग्राउंड कसे निवडायचे, आणि सगळं आधीच बुक करायचं का?

बहुतेक जण फोटो पाहून यादी करतात आणि ठिपके जोडत सुटतात. त्याआधी दोन गोष्टी तपासा: जागा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे आणि बघण्यासारखं जे काही आहे ते तिच्या कुठल्या दिशेला आहे. या दोन उत्तरांवर निम्मी यादी आपोआप गळते.

आधी उंची. या भागाला सरसकट वाळवंट म्हणतात खरं, पण डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्याही सुमारे ६० मीटर खाली आहे, आणि ब्राइस कॅन्यनचं नॉर्थ कॅम्पग्राउंड जवळपास २,४०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हवा कोरडी असल्यामुळे दिवस आणि रात्र यांत १५ ते २० अंशांचा फरक नेहमीचाच. एप्रिलच्या मध्यावर ६०० मीटरवरच्या व्हॅली ऑफ फायरमध्ये दुपारी टी-शर्ट पुरतो. त्याच आठवड्यात ब्राइसला रात्री पारा शून्याच्या खाली असतो आणि बर्फही पडू शकतं. अशा थंडीत व्हॅनच्या तळाशी बाहेरून लावलेली सांडपाण्याची टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह आधी गोठतो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज होत नाही, तिची सुरक्षा यंत्रणाच चार्जिंग बंद करते. म्हणून एप्रिलमध्ये ब्राइस दिवसा बघा आणि झोपायला कोडाक्रोम बेसिन स्टेट पार्कला उतरा. ते सुमारे १,७७० मीटरवर आहे, ब्राइसहून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे गरम शॉवर आहेत, डंप स्टेशन (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) आहे आणि गर्दी ब्राइसच्या मानाने काहीच नाही. माझ्या मते तर ही जागा ब्राइसच्या कॅम्पग्राउंडपेक्षा सुंदरही आहे. ब्राइसला आपण पाइनच्या झाडीत झोपतो, खडक तिथून दिसत नाहीत.

महिना बदलला तर हाच हिशोब उलटा करायचा. नोव्हेंबर ते मार्च खालचं वाळवंट, म्हणजे ऑर्गन पाइप कॅक्टसचं ट्विन पीक्स, टूसॉनजवळचं गिल्बर्ट रे, फीनिक्सजवळचं लॉस्ट डचमन, कॅलिफोर्नियातलं अँझा-बोरेगो. जून ते ऑगस्टमध्ये २,००० मीटरच्या खाली कॅम्पर व्हॅनमध्ये झोपायचा विचारही करू नका. वीज जोडणी नसेल तर एसी रात्रभर चालत नाही, आणि व्हॅनचा पत्रा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो.

आता दिशा. लाल वालुकाश्माचा कडा पेटल्यासारखा दिसतो तो तिरप्या उन्हात, म्हणजे संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड असलेला कडा. तो आपल्याला दिसायचा तर आपल्या पूर्वेला हवा. लॉस्ट डचमनला सुपरस्टिशन डोंगर पूर्वेला आहे. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडला वॉचमन सुळका पूर्वेकडे उभा आहे. मॉन्युमेंट व्हॅलीत द व्ह्यू कॅम्पग्राउंडवरून मिटन्स नावाचे हातमोज्यासारखे खडक पूर्वेला दिसतात. या तिन्ही जागांच्या संध्याकाळी प्रसिद्ध आहेत त्या याच कारणामुळे.

अमेरिकेतल्या व्हॅनचा सरकता दरवाजा आणि ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छप्पर), दोन्ही उजव्या बाजूला असतात. व्हॅनचं नाक उत्तरेला केलं की दरवाजा पूर्वेला येतो. म्हणजे दुपारनंतर दारात सावली, समोर उजळलेला कडा आणि वाऱ्याला पाठ, कारण इथला वसंतातला जोरदार वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. सकाळी ऊन थेट दारातून आत येतं, जे एप्रिलमधल्या थंड सकाळी हवंच असतं. कडाक्याच्या थंडीत मात्र नाक पूर्वेला करायचं, म्हणजे दरवाजा दक्षिणेला येऊन दिवसभर ऊन मिळतं.

बुकिंग करण्यापूर्वी उपग्रह नकाशा उघडून त्या साइटचा, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या तुमच्या जागेचा, पार्किंगचा पट्टा कुठल्या दिशेने आहे ते पाहा. उत्तर-दक्षिण पट्टा असेल तर उत्तम. बुकिंगच्या वेबसाइटवरचा आराखडा कधीकधी फिरवून छापलेला असतो, त्यावर उत्तर वरच असेल असं धरू नका. ट्रेलर नसल्यामुळे व्हॅन सरळही घालता येते किंवा उलटीही, म्हणजे एकाच पट्ट्यावर दोन दिशा मिळतात. वीज असलेल्या साइटवर मात्र एक अडचण असते. विजेचा खांब गाडी मागे घेऊन लावली असं धरून डाव्या बाजूला मागे उभा केलेला असतो. व्हॅन सरळ घातली तर तो उजवीकडे पुढे जातो आणि ३० अँपिअरची साडेसात मीटरची नेहमीची केबल पोचत नाही. भाड्याच्या व्हॅनसोबत एक्स्टेंशन मिळतं का ते आधी विचारा.

साइटच्या माहितीतले आणखी तीन रकाने वाचा: पट्ट्याची लांबी, उतार आणि सावली. कॅम्पर व्हॅन साधारण १९ ते २४ फुटांची असते, त्यामुळे मोठ्या आरव्हींना (बसएवढ्या फिरत्या घरांना) बाद असलेल्या जागा तुम्हाला खुल्या असतात. नॅचरल ब्रिजेसला मर्यादा २६ फूट, कॅन्यनलँड्सच्या विलो फ्लॅटला २८, जोशुआ ट्रीच्या हिडन व्हॅलीला २५. देखण्या जागा बहुधा याच जुन्या, आखूड पट्ट्यांच्या कॅम्पग्राउंडमध्ये आहेत. उतार असेल तर चाकाखाली घालायच्या लेव्हलिंग ब्लॉकची एक जोडी लागते. तरीही थोडा उतार उरलाच तर डोकं चढाच्या बाजूला करून झोपा. सावली मोहात पाडते, पण छतावर सोलर असेल तर तीच महागात पडते. दोनशे वॉटचं पॅनल एप्रिलच्या स्वच्छ उन्हात दिवसाला ६०-७० अँपिअर-तास देतं; कंप्रेसरचा फ्रिजच त्यातले ४०-५० खातो. नदीकाठच्या कॉटनवुड झाडांच्या दाट सावलीत दोन दिवस गाडी हलवली नाही तर फ्रिज बंद पडायची वेळ येते. कॉटनवुडच्या जाड फांद्या वाऱ्यात मोडून पडतात, तेव्हा बुंध्याला चिकटून गाडी लावू नका.

या चाळणीतून तुमच्या १२ रात्री अशा बसतात.

पहिली रात्र व्हॅली ऑफ फायर. वेगसपासून सुमारे ८० किलोमीटर, त्यामुळे व्हॅन ताब्यात घेऊन, किराणा भरून उजेडात पोचता येतं. ॲटलॅटल रॉक कॅम्पग्राउंडच्या साइट लाल खडकांच्या कुशीतच आहेत आणि काहींना वीज-पाणी आहे. व्हॅनमधलं काय चालतं, काय बिघडलंय हे पहिल्याच रात्री कळलेलं बरं. वेगस जवळ असतं तोवर परत जाऊन बदलून घेता येतं.

पुढच्या दोन रात्री झायनचं वॉचमन. इथे खरा फायदा जागेचा आहे. मार्च ते नोव्हेंबर सीनिक ड्राइव्हवर, म्हणजे दरीतल्या मुख्य रस्त्यावर, खासगी गाड्यांना बंदी असते आणि शटल व्हिजिटर सेंटरपासून सुटते. कॅम्पग्राउंडपासून ते चालत गाठता येतं. व्हॅन हीच तुमची गाडी आणि तेच तुमचं घर, म्हणून जिथून गाडी न हलवता दिवस निघतो अशा जागी दोन रात्री घ्या, बाकी ठिकाणी एक. झायनहून पूर्वेला जाताना माउंट कार्मेल बोगदा लागतो. ११ फूट ४ इंच उंची किंवा ७ फूट १० इंच रुंदी गाठली की गाडी 'मोठी' ठरते आणि वेगळे नियम लागतात. उंचीत व्हॅन सहज बसते, पण रुंदी आरसे धरून मोजतात आणि काही व्हॅनचे आरसे उघडे असताना ही मर्यादा ओलांडतात. करार करतानाच मापं लिहून घ्या आणि पार्कच्या चालू नियमांशी ताडून पाहा. बसत नसेल तर हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असा वळसा आहे. वेळ जास्त लागतो, बिघडत काही नाही.

चौथी रात्र कोडाक्रोम. पाचवी-सहावी कॅपिटल रीफचं फ्रुटा. तिथे जाणारा हायवे १२ हाच या सफरीतला सगळ्यात सुंदर रस्ता आहे. बोल्डर माउंटनवर तो जवळपास २,९०० मीटर चढतो, म्हणून एप्रिलमध्ये निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघून घ्या. फ्रुटाच्या ७१ साइट मॉर्मन पंथीयांच्या जुन्या वस्तीच्या फळबागांना लागून आहेत आणि एप्रिलमध्ये झाडं फुललेली असतात. वीज-पाण्याची जोडणी नाही. जागा नदीकाठच्या खोलगट भागात आहे, दोन्हीकडे कडे. ऊन उशिरा येतं, लवकर जातं आणि थंड हवा रात्री तळाशी साचते. त्यामुळे नकाशातल्या उंचीवरून वाटते त्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त थंडी धरा.

सातवी रात्र गोब्लिन व्हॅली स्टेट पार्क. गरम शॉवर, डंप स्टेशन आणि गडद आकाश. वारा सुटला की वाळू प्रत्येक फटीत शिरते. छताचा पंखा बंद ठेवा.

आठवी-नववी मोआबजवळ. आर्चेसमधलं डेव्हिल्स गार्डन (५१ साइट) मिळालं तर घ्या. ते पार्कच्या दारापासून २९ किलोमीटर आत आहे, त्यामुळे संध्याकाळी बाकीची माणसं निघून गेली की कमानी जवळपास तुमच्याच. नाही मिळालं तर डेड हॉर्स पॉइंट. याबाबत एक गैरसमज दूर करतो: तिथलं कॅम्पग्राउंड कड्यावर नाही, जुनिपरच्या झाडीत आहे. दृश्य चालून गाठायचं. वीज मिळते, पण पाणी तिथे टँकरने येतं, त्यामुळे व्हॅनची टाकी भरायची सोय नाही. मोआबलाच भरून चढा. तिसरा पर्याय विलो फ्लॅट: फक्त १२ साइट, पाणी नाही, बुकिंग नाही, आणि ग्रीन रिव्हरचा कडा हाकेच्या अंतरावर. तिथला सूर्यास्त पाहिल्यावर डेड हॉर्सच्या विजेचं महत्त्व उरत नाही, असं माझं मत. ईस्टरच्या आधीचा आठवडा मात्र मोआब टाळा. जीप सफारीला आलेल्या गाड्यांनी गाव भरलेलं असतं.

दहावी रात्र नॅचरल ब्रिजेस किंवा गूजनेक्स. नॅचरल ब्रिजेसला १३ साइट, आगाऊ बुकिंग नाही. जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क (रात्रीचं काळोखं आकाश जपणारं उद्यान) हेच, २००७ साली जाहीर झालेलं. अमावास्या जवळ असेल तर इथे या. पौर्णिमेच्या आसपास गूजनेक्स किंवा मॉन्युमेंट व्हॅली, कारण चांदण्यात खडक दिसतात. गूजनेक्सला सान हुआन नदी ३०० मीटर खाली वेटोळी घेत जाते. कड्याला कठडा नाही, पाणी नाही आणि आडोसा अजिबात नाही. वाऱ्याचा अंदाज ताशी ५० किलोमीटरच्या वर असेल तर तिथे झोप लागणार नाही. दोन्ही जागांमधला सरळ रस्ता, युटा २६१, मोकी डगवे नावाच्या कच्च्या घाटातून उतरतो: सुमारे ५ किलोमीटर, ११ टक्क्यांपर्यंत उतार, बाहेरच्या अंगाला काही नाही. २८ फूट किंवा १०,००० पौंडांवरच्या गाड्यांना तिथे न जाण्याचा सल्ला आहे. व्हॅन उतरते, पण बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही. ब्लँडिंग-ब्लफ मार्गे डांबरी रस्ता आहे, तो घ्या.

अकरावी ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर. डेझर्ट व्ह्यू कॅम्पग्राउंड एप्रिलच्या मध्यावर उघडतं, त्यामुळे तुमच्या तारखांना ते अगदी काठावर आहे. उघडलं नसेल तर मॅदर कॅम्पग्राउंड. दोन्ही २,१०० मीटरच्या वर. या रात्रीसाठी हीटर तपासून ठेवा आणि गॅस अर्ध्याखाली नसू द्या.

बुकिंगबद्दल. नॅशनल पार्कांच्या बहुतेक साइट रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर सहा महिने आधी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता खुल्या होतात. युटाची स्टेट पार्क चार महिने आधी. वॉचमन, फ्रुटा, डेव्हिल्स गार्डन यांच्यासाठी त्या मिनिटाला बसावंच लागतं. आधी या तीन तारखा पक्क्या करा, बाकी सफर त्यांच्याभोवती गुंफा. बारा रात्रींपैकी आठ-नऊ बुक करून तीन मोकळ्या ठेवणं मला योग्य वाटतं. वसंतात वारा एखादा दिवस खातोच, आणि सगळं बुक असेल तर हलता येत नाही. हुकलेल्या जागेसाठी त्याच वेबसाइटवर सूचना लावून ठेवा. लोक आयत्या वेळी रद्द करतात. बुकिंग नसलेल्या जागी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पोचा, शुक्रवारी-शनिवारी नको. विलो फ्लॅटला दुपारी चारला जाणं म्हणजे परत फिरण्यासाठी जाणं.

साइट घेऊन दिवसभर बाहेर जाणार असाल तर पावती खांबाला लावा आणि एक जुनी घडीची खुर्ची मागे ठेवा. रिकामा पट्टा दिसला की दुसरी गाडी येऊन बसते, आणि मग वाद घालण्यात संध्याकाळ जाते.

बीएलएम या केंद्रीय जमीन खात्याच्या सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येतं, साधारणपणे एका जागी २८ दिवसांत १४ दिवस. व्हॅली ऑफ द गॉड्स हे त्यातलं रत्न. पण मोआबच्या आसपास आता बऱ्याच भागात ठरवून दिलेल्या जागीच राहता येतं आणि स्वतःचा टॉयलेट सोबत हवा. नवाहो नेशनची, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाची, जमीन सरकारी मोकळी जमीन नव्हे. तिथे परवान्याशिवाय मुक्काम नाही आणि दारू बाळगणंही बेकायदा आहे. मॉन्युमेंट व्हॅलीतला २७ किलोमीटरचा कच्चा फेरा आरव्हींना बंद असतो. नवाहो मार्गदर्शकाची जीप घ्या.

मोकळ्या जमिनीवर दोन गोष्टी गाड्या अडकवतात. पहिली म्हणजे सुका ओढा, तिथल्या भाषेत वॉश. सपाट वाळू, दोन्हीकडे आडोसा, वारा नाही: राहायला आदर्श वाटतो. पाऊस ३० किलोमीटर दूर पडला तरी पाणी इथे येतं, आणि आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये हा धोका सर्वाधिक, पण एप्रिलमध्येही ओढ्यात उतरू नका. दुसरी म्हणजे राखाडी-निळसर मातीचे रस्ते. त्या मातीत बेंटोनाइट असतं. पावसाची एक सर आली की ती आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी चाकाला थापून बसते आणि फोर व्हील ड्राइव्हसुद्धा आडवी सरकते. अशा रस्त्याच्या टोकाला मुक्काम असेल आणि ढग आले तर अंधाराची वाट न पाहता बाहेर पडा. नाहीतर रस्ता वाळेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, थांबायची तयारी ठेवा.

भाड्याच्या व्हॅनचं सगळ्यात जास्त मोडणारं अंग म्हणजे ऑनिंग. ताशी ३०-३५ किलोमीटरच्या झोतात ते उलटं फिरतं आणि भुर्दंड अनामत रकमेतून जातो. झोपताना आणि फिरायला जाताना ते गुंडाळलेलंच हवं, हवा कितीही शांत असो. वादळी रात्री गाडीचं नाक वाऱ्याकडे करा, दृश्य गेलं तरी चालेल. पॅकरॅट नावाचे उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात; झुडपांना लागून गाडी लावली असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवतात, म्हणजे त्यांना आडोसा मिळत नाही.

पाण्याचा हिशोब: पिण्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर आणि स्वयंपाक-धुण्यासाठी आणखी ५-६. दोघांना तीन दिवसांचे ६० लिटर. व्हॅनची टाकी ७५ ते १०० लिटरची असते, म्हणजे दर तीन दिवसांनी भरायची जागा हवी. वरच्या क्रमात व्हॅली ऑफ फायर, कोडाक्रोम आणि गोब्लिन ही स्टेट पार्क मध्ये मध्ये पेरली आहेत ती यासाठीच. सांडपाणी जमिनीवर सोडणं या पार्कांत गुन्हा आहे. डिझेल-पेट्रोलचाही असाच हिशोब ठेवा: ग्रीन रिव्हर गाव ते सलायना या आय-७० महामार्गाच्या १७० किलोमीटरच्या पट्ट्यात एकही पंप नाही, आणि ब्लँडिंग ते हँक्सव्हिलही तसंच कोरडं.

पासबद्दल, विशेषतः भारतातून आईवडील किंवा मित्र येणार असतील तर. २०२६ पासून नॅशनल पार्कांचा वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५० डॉलर आहे. तो नसलेल्या परदेशी पाहुण्यांना झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन यांसह ११ पार्कांत प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा पडतात. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून अमेरिकेतलं फोटो ओळखपत्र जवळ ठेवा. पासमध्ये कॅम्पिंगचं भाडं येत नाही, स्टेट पार्क आणि मॉन्युमेंट व्हॅलीही येत नाहीत. घड्याळाकडेही लक्ष ठेवा: एप्रिलमध्ये नेवाडा आणि ॲरिझोनाची वेळ एकच, युटा आणि नवाहो नेशन त्यांच्या एक तास पुढे.

बारावी रात्र दृश्यासाठी खर्च करू नका. लेक मीडच्या काठचं बोल्डर बीच कॅम्पग्राउंड वेगसपासून पाऊण तासावर आहे आणि त्याला डंप स्टेशन आहे. तिथे टाक्या रिकाम्या करा, आतून झाडून घ्या आणि सकाळी शेवटच्या पंपावर इंधन भरून गाडी परत द्या. सांडपाण्याची टाकी भरलेलीच घेऊन गेलात तर कंपन्या साफसफाईचे वेगळे पैसे लावतात.